पुसलेली पानं

मावशीच्या घरात आरसा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही, असं तिचा नवरा म्हणायचा. नवरा शिंपी. टाचण्या तोंडात धरून बोलायची सवय, त्यामुळे त्याचं बोलणं नेहमी ओठाच्या एका कोपऱ्यातून यायचं आणि त्यात टोचणारं काहीतरी असायचंच. बायकोचं नाव त्याने 'लख्ख' ठेवलं होतं. "लख्ख आली, पाय उचला," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा आणि गिऱ्हाईक मुकाट पाय उचलायचं, कारण तोवर फडकं खुर्चीखाली पोचलेलं असायचं.

ऑफिसात मात्र ती मावशी. झाडांचा अभ्यास करणारं ते ऑफिस. तीन खोल्या, एक लांब व्हरांडा आणि मागे काचेचं घर. तिथे तिने एकोणीस वर्षं फरशा पुसल्या, कपबशा विसळल्या, काचेच्या नळ्या धुतल्या. नळ्या धुण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शाळा तिची चौथीपर्यंत. आकडे झटकन वाचता यायचे, अक्षरं जुळवून जुळवून वाचता यायची, आणि जिथे काहीच लागत नसे तिथे मान हलवता यायची. मोठी माणसं बोलायला लागली की 'हो ना' कुठे म्हणायचं आणि 'बघा की' कुठे, हे तिला पाठ झालं होतं. एकोणीस वर्षांत एकालाही संशय आला नाही. उलट, मावशींना सगळं कळतं, अशी तिची ख्यातीच झाली. अशी ख्याती म्हणजे उसन्या लुगड्यासारखी असते, नेसून मिरवता येतं पण निवांत बसता येत नाही.

मग त्या ऑफिसात पानवाल्या बाई आल्या. उंच, किडकिडीत, केसात पेन्सिल खोचलेली, आणि ती पेन्सिल दिवसातून चारदा सगळ्या टेबलांवर शोधायच्या. त्यांनी एक मशीन आणलं होतं. खांद्याला अडकवायची पेटी, पेटीतून निघालेल्या नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाला वाळत घातलेल्या कपड्यांना लावतात तसा, पण तळहाताएवढा चिमटा. तो पानाला लावायचा. एवढ्याशा पानाला एवढा मोठा चिमटा बघून मावशीला पानाचीच दया आली.

गावाच्या कडेला खडीचं क्रशर होतं. दगड आत जायचा, खडी बाहेर यायची, आणि भुकटी सगळीकडे जायची. त्याच्या समोरच्या रस्त्यावर तुतीची आठ झाडं ओळीने उभी होती. तशीच आठ झाडं गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागच्या बागेत होती. या सोळा झाडांची पानं मोजायची, असं ठरलं.

पहिल्या दिवशी बाईंनी मावशीला क्रशरसमोरच्या झाडाखाली उभं करून तासभर समजावलं. पानाला खालच्या अंगाने हजारो बारीक तोंडं असतात, डोळ्याला न दिसणारी. प्रत्येक तोंडाला दोन ओठ. ओठ उघडले की हवा आत जाते आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. मिटले की दोन्ही बंद. चिमट्यात मोजून हवा सोडायची आणि परत येते ती पुन्हा मोजायची, म्हणजे पानाने काय खाल्लं आणि किती वाफ टाकली ते कळतं. इथपर्यंत मावशीला खरोखर कळलं. झाकणाखालच्या पातेल्याशी जन्म गेलेल्या बाईला वाफ काय शिकवायची? पण पुढे 'तुलना' आली, 'घटक' आले, 'परिणाम' आला, आणि समोरचं क्रशर घरघर करत त्यातलं अर्धं गिळत होतं. मावशी आपली मान हलवत राहिली. शेवटी बाईंनी बुंध्यावर हात ठेवला.

"बारा वर्षं ही झाडं इथे धूळ खात उभी आहेत, मावशी. कोणी बघितलं नाही त्यांच्याकडे. आता आपण बघायचं. कळलं ना?"

"कळलं की," मावशी म्हणाली.

आणि हे तर तिला सगळ्यात जास्त कळलं. धूळ खात पडलेली वस्तू म्हणजे काय, हे तिला नाही तर कोणाला कळणार? कोपऱ्यातलं जुनं शिलाई मशीन, पलंगाखालची ट्रंक, ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही ते. त्याच्याकडे बघायचं म्हणजे काय करायचं, यात विचारण्यासारखं काय होतं!

पहिले तीन दिवस बाईंनी स्वतः मोजलं आणि मावशीने पेटी उचलली. दुसऱ्याच दिवशी बाई जरा चिडल्या. चिमट्याच्या काचेवर भुकटी बसली होती, रबराच्या कडीत कच अडकली होती. फट राहिली की हवा निसटते आणि आकडा खोटा येतो, म्हणाल्या, सगळं स्वच्छ पाहिजे. आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पान ओलं असता कामा नये, आणि चिमट्याजवळ श्वास सोडायचा नाही, कारण पान जे खातं तेच माणसाच्या तोंडातून बाहेर पडतं. म्हणून चिमटा लावला की तोंड वळवून उभं राहायचं. मावशीने तिन्ही गोष्टी मनात गाठ मारून ठेवल्या. त्यातली 'स्वच्छ'ची गाठ सगळ्यात पक्की.

चौथ्या दिवशी बाई व्हरांड्याच्या पायरीवरून पडल्या. गुडघा गेला. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. हंगाम तर चालू झालेला, आणि ऑफिसात मोजणारं दुसरं कोणी नाही. मावशी म्हणाली, "मी करते की." बाईंनी तिच्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि हो म्हणाल्या. आकडा नाचायचा थांबला की हिरवं बटण दाबायचं, एवढंच तर होतं. बाकी लक्षात ठेवायला मशीन होतं.

सात महिने मावशीने मोजलं. आठवड्यातून दोनदा, सकाळी नऊ ते अकरा. एका झाडाची पाच पानं, शेंड्यापासून तिसरी, प्रत्येकाला लाल दोरा बांधलेला. पान गळलं की शेजारच्याला दोरा. खांद्याला पेटी अडकवून ती रस्त्याने निघाली की नवरा दुकानातून म्हणायचा, "डॉक्टरीण निघाली. बघ गं, कोणाला ताप असला तर माझं नाव सांग, औषध कमी कडू देतील." मावशी ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि पेटीचा पट्टा उगीचच नीट करायची. तिला आवडायचं ते. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा रस्त्यातली माणसं तिच्या हातातल्या बादलीला सोडून तिच्याकडे बघत होती.

बादली होती, पण ती आदल्या संध्याकाळची. मोजायच्या आदल्या दिवशी ती क्रशरसमोर जायची. नवऱ्याकडून अस्तराचे मऊ तुकडे मागून घेतले होते. दोऱ्याचं एकेक पान डाव्या तळहातावर घ्यायचं, वरून ओल्या फडक्याने पुसायचं, खालून नुसतं टिपायचं, तिथे तोंडं असतात ना. मग कोरड्या फडक्याने पुन्हा. फोटो काढायच्या आधी लेकराचं तोंड पुसतात तसं. आठ झाडं, चाळीस पानं. बागेतल्या झाडांना ती हात लावत नसे. ती आधीच चकचकीत होती, त्यांना माळी होता. बिनआईची ही इकडची.

हे बाईंना सांगावं असं तिच्या मनातही आलं नाही. चहा देताना कप धुतलाय हे कोणी सांगतं का?

प्लास्टर निघालं तरी बाईंचा गुडघा सरळ व्हायला सात महिने गेले. त्या काठी टेकत ऑफिसात येऊ लागल्या, आणि एका सोमवारी त्यांनी मावशीला कॉम्प्युटरपाशी बोलावलं. पडद्यावर दोन रेघा होत्या. एक क्रशरच्या झाडांची, एक बागेतल्या झाडांची. दोघी एकमेकींच्या अंगावर रेलून चालल्या होत्या.

बाई म्हणाल्या, इतके स्वच्छ आकडे त्यांनी आजवर बघितले नव्हते, मावशींचा हात म्हणजे हात आहे. मग स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. "मला वाटलं होतं, धुळीने पानं गुदमरत असतील. त्यासाठीच तर हे सगळं मांडलं. आकडे म्हणतात, काही होत नाही धुळीने. गुरुवारी सभेत हेच सांगावं लागणार. आपल्याला आवडो न आवडो."

सभा कसली, ते मावशीला ठाऊक होतं. क्रशरसमोरच्या घरांनी तक्रार केली होती की मशीनवर शेड घाला, पाणी मारा. मालक म्हणत होता, धुळीने कोणाचं काही वाकडं होत नाही. आता बाईंचे आकडे काय म्हणतात त्यावर वरचे साहेब ठरवणार होते. पण ती तक्रार आणि ही पानं यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. आधी नाही. धुळीसाठीच हे मांडलं होतं. धूळ मोजायची होती. आणि ती सात महिने दर आठवड्याला दोनदा धूळ पुसून मग मोजत होती.

तिने सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात बाईंनीच विचारलं, "मावशी, तुमचं पूर्ण नाव काय? पहिल्या पानावर घालायचंय. मोजमाप तुमचं आहे."

तिने सांगितलं. पुसल्याचं नाही, नाव सांगितलं. आडनावातलं जोडाक्षर चुकू नये म्हणून दोनदा सांगितलं. बाहेर आल्यावर तिला स्वतःचीच अशी किळस आली की तिने नळाखाली तोंड धरलं.

दुसऱ्या दिवशी ती पेटी आणि एक पिशवी घेऊन क्रशरवर गेली. पिशवीत भुकटी भरून घ्यायची, पुसलेल्या पानांवर टाकायची आणि एकदा मोजून बघायचं, असा विचार. विचार कसला, बुडत्याचा चाळा. फाटकावरच्या वॉचमनने पिशवी बघितली आणि विचारलं, काय पाहिजे. भुकटी, ती म्हणाली. तो इतका हसला की खोकला आला.

"मावशी, भुकटी न्यायला तुम्ही पहिल्याच. बाकीच्यांना आम्ही घरपोच देतो."

भुकटी लागलीच नाही. झाडाखाली उभी राहून तिने वर बघितलं, तर लाल दोऱ्याच्या पानाच्या शेजारीच, वीतभर अंतरावर, दुसरं पान होतं. तिसऱ्या नंबरचं नव्हतं म्हणून सात महिन्यांत तिने त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. त्याच्यावर राखेसारखा थर होता. तिने आधी आपल्या पुसलेल्या पानाला चिमटा लावला. पानाने किती खाल्लं? चौदा. मग त्या पानाला लावला, तोंड वळवलं, श्वास धरला. आकडा वर चढेना. खालीच घुटमळत राहिला आणि सहावर येऊन बसला. तिला वाटलं रबरात कच असेल. रबर पुसलं, पुन्हा लावलं. सहा. झाडावर अशी पानं किती असतील, याचा तिने हिशेब केला नाही. तिथेच कट्ट्यावर बसली. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं, मावशी, बरं नाही का. ती म्हणाली, ऊन लागलं. आकाशात तर ढग होते.

सोमवारी आणि मंगळवारी तिने घरात फडकं हातात घेतलं नाही. नवऱ्याने आधी गंमत केली, सूर्य कुठून उगवला म्हणाला. मग त्याच्या शिलाई मशीनच्या पट्ट्यावर धूळ दिसली तेव्हा त्याने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. टाचण्या काढून तो बोलतो म्हणजे गोष्ट गंभीर. तिने सगळं सांगितलं. शेवटी त्याने विचारलं,

"तुला लाज कशाची वाटते? पुसलंस त्याची, की तुला कळलं नव्हतं हे सांगायची?"

तिने पदराच्या टोकाला पीळ दिला. "दुसरी," ती म्हणाली. "पुसल्याचं सांगेन हो मी. पण मग त्या म्हणतील, मी सांगितलं होतं ना, तुम्ही कळलं म्हणालात ना. मग काय सांगू? की एकोणीस वर्षं सगळ्यांना असंच म्हणत आले?"

तो काही शहाणपण शिकवायला गेला नाही. फक्त म्हणाला की गुरुवारी बाई चार माणसांत उभ्या राहून खोटं बोलणार आहेत, आणि त्यांना ते माहीतही नाही. मग टाचण्या पुन्हा तोंडात गेल्या. संपलं.

बुधवारी सकाळी ती बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. सांगितलं.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद ओढला आणि प्रश्न विचारायला लागल्या. कशाने पुसलं? पाणी कुठलं? साबण होता का? खालून पुसलं की नुसतं टिपलं? किती वाजता? एखादी संध्याकाळ चुकली का? मावशीला प्रत्येक गोष्ट आठवत होती, कारण प्रत्येक गोष्ट तिने जिवापाड केली होती. साबण नाही लावला, तुतीच्या पानाला झोंबेल म्हणून. एकही संध्याकाळ चुकली नाही, पुतणीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा लग्नघरातून उठून जाऊन आले. जितकं निगुतीने केलं होतं तितकं ते वाईट ठरत होतं. आळशी बाई असती तर निम्मे आकडे तरी वाचले असते.

"पण मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. आल्याच त्या तिथे.

"तुम्ही म्हणालात, झाडं धूळ खात उभी आहेत, आता आपण बघायचं. मी बघितलं. त्याच्या आधीचं मला काही कळलं नव्हतं, बाई. मी नुसती मान हलवत होते. नेहमीच हलवते."

बाईंची पेन्सिल थांबली. धूळ खात, असं त्या एकदा पुटपुटल्या, मग आणखी एकदा. मग त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. कळलं ना असं विचारून उत्तराची वाट न बघणारी माणसं मावशीने पुष्कळ बघितली होती, पण त्यांच्यातलं कोणी असं लाल झालेलं तिने बघितलं नव्हतं. तिला आणखीच कानकोंडं झालं. मग तिने सहाच्या आकड्याचं सांगितलं. बाईंनी मशीन जोडून बघितलं. होता. चौदाच्या खाली सहा, त्याच्या खाली सहा. पण दोन आकड्यांवर सभा जिंकता येत नाही, म्हणाल्या.

गुरुवारी सभा झाली. मावशी नवऱ्याबरोबर मागच्या रांगेत दाराजवळ बसली, पळायला सोपं म्हणून. बाई काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, मोजताना आमच्याकडून चूक झाली, हे आकडे वापरता येणार नाहीत, पुन्हा मोजावं लागेल. मालकाने विचारलं, म्हणजे सात महिने तुम्ही केलं काय? माणसं हसली. क्रशरसमोरच्या घरांची माणसं हसली नाहीत, ती बाईंकडे रागाने बघत होती. बाई हातातल्या कोऱ्या कागदाकडे बघत उभ्या होत्या.

मावशीला ते 'आमच्याकडून' सहन झालं नाही. ती उठली तेव्हा खुर्ची कर्रकन वाजली आणि सगळ्यांच्या माना वळल्या.

"आमच्याकडून नाही, माझ्याकडून झाली," ती म्हणाली. "पानं मी मोजली. आणि मोजायच्या आधी मी ती पुसत होते. मला वाटलं, पुसायचीच आहेत. बाईंना ठाऊक नव्हतं."

असा हशा उसळला की मावशीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. मालक तर डोळे पुसत म्हणाला, अहो, मग आमच्याकडे या ना, आमच्याकडे पुसायला पुष्कळ आहे. वरच्या साहेबांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मालकाचं हसू मावळलं. पण हे मावशीला नवऱ्याने घरी सांगितलं तेव्हा कळलं. सभेत तिच्या कानात नुसता घणघणाट होता. निकाल काही लागला नाही. पुढच्या हंगामापर्यंत पुन्हा मोजा, असं ठरलं. म्हणजे त्या घरांना आणखी एक वर्ष धूळ. हे कोणी तिला बोलून दाखवलं नाही, आणि तिला विसरताही आलं नाही. त्या रस्त्याने जाताना ती पुढचे सहा महिने खाली बघून चालली. एकदा एका दारातली म्हातारी खिडकीची चौकट झटकत होती. तिने मावशीकडे बघून न बघितल्यासारखं केलं. ते हशापेक्षा जास्त लागलं.

आता बाई आणि मावशी दोघी मिळून मोजतात. प्रत्येक झाडावर दहा पानं, पाचांना लाल दोरा, पाचांना पांढरा. लाल दोऱ्याची आदल्या संध्याकाळी पुसायची, पांढऱ्याला बोट लावायचं नाही. असं का करायचं, हे बाईंनी सांगितलं तेव्हा मावशीने 'तुलना म्हणजे काय' हे विचारलं. मग 'घटक' विचारला. मग आणखी काय काय विचारलं, ते थेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत. विचारताना दर वेळी कानाच्या पाळ्या तापायच्या, अजून तापतात.

पांढऱ्या दोऱ्याच्या पानापाशी ती अजून ओशाळते. सवयीने डावा तळहात त्याच्या खाली जातो, मग ती तो मागे घेते. थर बसलेलं ते पान, तसंच्या तसं, तिच्या देखत. चिमटा लावते, तोंड वळवते आणि आकडा ठरेपर्यंत रस्त्याकडे बघत उभी राहते. बाई विचारतात, किती. ती सांगते.